सेवाधर्माचा कॅथलिक अर्थ

बीदर शहराच्या कडेला नानक झिरा नावाचे जे स्थान आहे, तेथील लंगरात कोणीही जाऊन पंक्तीला बसावे. त्याला जात विचारीत नाहीत, गाव विचारीत नाहीत, आणि जेवण झाल्यावर त्याने कोणता देव मानावा हेही कोणी सांगावयास येत नाही. त्याच जिल्ह्यातील बसवकल्याण हे बाराव्या शतकातील कल्याण होय. तेथे बसवेश्वरांनी कायकाबरोबर दासोहाची शिकवण दिली. कष्टाने मिळवावे आणि मिळविलेले समाजाच्या चरणी ठेवावे, असा तिचा आशय. कलबुर्गीत शरणबसवेश्वरांच्या नावाने दासोहाची परंपरा चालत आली आहे आणि ख्वाजा बंदे नवाज ह्यांच्या दर्ग्यावर आजही सर्व धर्मांची माणसे जातात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात सकलमत संप्रदाय स्थापिला. भुकेल्याच्या ताटात काही पडले पाहिजे, ही गोष्ट ह्या मुलखाला कोणी नव्याने शिकवावी अशी नाही.

हा मुलूख सरहद्दीचा. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत तो निजामाच्या जुन्या हैदराबाद संस्थानातून झालेल्या राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेत बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात गेले. पूर्वेकडचा काही भाग आंध्रकडे गेला. एकाच घरातील लेक एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात, अशी स्थिती झाली. भालकी-औरादकडे आजही घरोघर मराठी ऐकू येते, कचेरीत कन्नड चालते आणि बाजारात दखनी. अशा ह्या प्रदेशात कॅथलिक ख्रिस्ती समाज म्हणजे मूठभर माणसे, आणि तीही उशिराने आलेली. बीदरकडचे बहुसंख्य ख्रिस्ती मेथॉडिस्ट पंथाचे आहेत. त्या पंथाचे येथील कार्य कितीतरी जुने. कॅथलिकांचा गुलबर्गा हा स्वतंत्र धर्मप्रांत मात्र २००५ साली स्थापन झाला आणि रॉबर्ट मायकेल मिरांडा हे त्याचे पहिले बिशप झाले.

मग प्रश्न असा उभा राहतो की, जेथे अन्नछत्रांची अशी रेलचेल आहे तेथे ह्या मूठभरांनी शाळा काढावी, दवाखाना चालवावा, बायकांचे गट बांधावे, ह्यामागचा त्यांचा स्वतःचा हिशेब काय? शेजाऱ्यांना हा प्रश्न पडतो आणि तो पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर आधी ह्या लोकांच्या श्रद्धेत सेवेला कोणते स्थान आहे ते पाहावे लागेल.

संत मत्तय ह्यांच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे जे चित्र आहे, त्यावर कॅथलिकांचा सारा सेवाविचार उभा आहे. न्यायासनावर बसलेला प्रभू माणसांची दोन बाजूंस विभागणी करतो. निवाड्याच्या वेळी तो प्रार्थना किती केल्या, उपास किती धरले, हे विचारीत नाही. आपण भुकेला असता, तहानेला असता, परका, उघडा, आजारी वा बंदिवान असता ह्यांनी काय केले, एवढेच तो विचारतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढे आहे. उजव्या बाजूचे लोकही गोंधळून जातात. प्रभूला आपण कधी जेवू घातले हे त्यांना आठवतच नाही. उत्तर येते की, अगदी क्षुद्र समजल्या गेलेल्या माणसासाठी जे केले ते त्याच्यासाठीच केले. म्हणजे ज्यांनी सेवा केली त्यांना आपण धर्मकृत्य करीत आहोत ह्याची जाणीवही नव्हती. कथेतील हा बारकावा प्रवचनांत पुष्कळदा निसटतो. तो निसटला की सेवा ही पुण्याची जमाखर्चवही होऊन बसते.

ह्याच उताऱ्यावरून ख्रिस्तसभेने दयेची सात शारीरिक कृत्ये सांगितली. भुकेल्यास अन्न, तहानलेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, निराश्रितास आसरा, रोग्याची भेट, बंदिवानाची भेट ही सहा शुभवर्तमानातली. मृतास मूठमाती देणे हे सातवे, तोबीतच्या ग्रंथावरून घेतलेले. ह्या यादीत पैसा देणे हे कृत्य स्वतंत्रपणे कोठेच नाही. प्रत्येक कृत्य शरीराशी निगडित आहे आणि बहुतेकांना स्वतः जावे लागते. तुरुंगात मनिऑर्डर पाठविता येते, पण भेट पाठविता येत नाही.

दान आणि ही सेवा ह्यांत फरक कोणता, असे विचारता येईल. आपल्याकडच्या रूढ कल्पनेत दान देणारा उंचावर असतो आणि घेणारा हात पसरतो. देणाऱ्याला पुण्य लागते आणि घेणारा आशीर्वाद देतो. आपल्या संतांनी ह्या व्यवहारावर किती कठोर टीका केली आहे हे मराठी वाचकाला सांगावयास नको. कॅथलिक विचाराची झेपही त्याच दिशेची आहे, मात्र वाट निराळी. ईश्वर माणूस झाला, तोही गरीब सुताराच्या घरी, ही त्या श्रद्धेची मूळ गोष्ट. तेव्हा गरिबाजवळ जाणे म्हणजे देव ज्या बाजूने आला त्या बाजूस जाणे. लॅटिनमध्ये ह्या प्रीतीला ‘कारितास’ म्हणतात. इंग्रजीतील ‘चॅरिटी’ हा शब्द त्यातूनच आला, पण येता येता त्याचा अर्थ आकसून केवळ धर्मादाय एवढाच उरला. शब्दांचीही अशी पडझड होते.

कॅथलिक उपासनेचा गाभा म्हणजे मिस्सा. हे नावच मुळी निरोपाच्या शब्दावरून पडले आहे. उपासना संपताना धर्मगुरू जमलेल्यांना निरोप देतो, त्या लॅटिन वाक्यातला पाठवणीचा शब्द साऱ्या विधीला चिकटला. देवळातून बाहेर पडणे हा विधीचाच भाग आहे, असा त्याचा अर्थ भाष्यकार लावतात. दुसरी खूण पवित्र गुरुवारची. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला वस्त्र गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, त्या स्मरणार्थ ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. पाय धुणे मराठी माणसाला अपरिचित नाही. वारकऱ्याचे धुतात, जावयाचे धुतात, गुरूचे धुतात, दारी आलेल्या पाहुण्याला पायांवर पाणी देतात. पण आपल्याकडे धाकट्याने थोरल्याचे धुवावयाचे असतात. येथे गुरू खाली बसतो आणि शिष्य संकोचाने पाय मागे घेतो. पेत्र नावाच्या शिष्याने तर प्रथम साफ नकार दिला होता. २०१३ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी हा विधी रोममधील अल्पवयीन बंदिवानांच्या तुरुंगात केला. त्यांत मुली होत्या आणि मुसलमानही होते. पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. तोवर नियमाप्रमाणे पुरुषांचेच पाय धुवावयाचे असत. तो नियम २०१६ मध्ये बदलला.

सरहद्दीवरच्या वाचकाला विशेष जवळची वाटेल अशी एक हकीकत ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या ग्रंथात आहे. यरुशलेमेत आरंभीचे ख्रिस्ती लोक एकत्र राहत आणि विधवांना रोजचे अन्न वाटीत. त्यांत दोन भाषांचे लोक होते, काही इब्री बोलणारे व काही ग्रीक बोलणारे. थोड्याच दिवसांत ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर सुरू केली की, वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. ख्रिस्तसभेतील पहिला कारभारी तंटा हा असा भाषेवरून आणि भाकरीवरून झाला! प्रेषितांनी सर्वांना बोलावून सात माणसे निवडावयास सांगितली आणि वाटपाचे काम त्यांच्यावर सोपविले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची होती त्यांच्याच बाजूची माणसे कोठारावर बसविली गेली, असा ह्यावरून बहुतेक अभ्यासक निष्कर्ष काढतात. आजही कॅथलिकांत धर्मगुरू होण्यापूर्वी ‘डिकन’ ही दीक्षा घ्यावी लागते; ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ सेवक, वाढपी. म्हणजे वेदीपाशी उभे राहण्याआधी पंगतीत वाढावयास शिकले पाहिजे.

पुढच्या शतकांचा इतिहास लांबलचक आहे. मठांच्या आवारात रुग्णालये निघाली. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये संत व्हिन्सेंट द पॉल ह्यांनी १६३३ साली धर्मभगिनींचा असा संघ स्थापिला की, त्यांनी मठाच्या भिंतीआड न राहता रोग्यांच्या घरी जावे. तोवर व्रतस्थ स्त्रीने उंबरठा ओलांडणे जवळजवळ निषिद्ध होते; आज बीदर-कलबुर्गीच्या रस्त्यावर एखादी धर्मभगिनी एस.टी.साठी उभी दिसते, तिची वाट तेथून निघाली आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाचा दयामंडळ-संघ सोळाव्या शतकात आणला. रोग्यांची आणि अनाथांची व्यवस्था तो पाही. पण ती राज्यकर्त्यांच्या छायेतली दया होती. त्याच गोव्यात धर्मासाठी जुलूमही झाला, हे विसरून चालणार नाही.

राज्यसत्तेच्या छायेबाहेरचे उदाहरण हवे तर गोव्याचेच संत जुझे वाझ ह्यांचे घ्यावे. बाणावली येथे १६५१ साली त्यांचा जन्म झाला. श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती, तेव्हा १६८७ मध्ये मजुराच्या वेषात ते तेथे उतरले. कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैदेत टाकले. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा आणि सधन लोक शहर सोडून गेले. रोग्यांना घरच्या माणसांनी रानात नेऊन ठेवले. वाझ ह्यांनी आपल्या नात्यातील दुसऱ्या एका धर्मगुरूला बरोबर घेऊन त्यांच्यासाठी झोपड्या घातल्या, अन्नपाणी दिले, मेलेल्यांना पुरले. रोगी बौद्ध की ख्रिस्ती हे त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या पाठीशी कोणतेही राज्य नव्हते, किंबहुना किनाऱ्यावरचे ख्रिस्ती राज्य त्यांच्या विरुद्धच होते. २०१५ च्या १४ जानेवारीला पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले.

एवढे झाल्यावरही शेजाऱ्याची शंका शिल्लक राहतेच, आणि ती दडवून हा विषय पुरा होणार नाही. ही माणसे सेवा करतात ती धर्म वाढविण्यासाठी नव्हे कशावरून? दख्खनला ह्या शंकेचे जुने कारण आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात आणि त्यानंतर शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत ज्या गावांत मिशनने धान्य वाटले त्या गावांत बाप्तिस्मेही झाले. ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा तेव्हापासून अहमदनगरकडच्या ख्रिस्ती घरांच्या कपाळी बसला. तो सर्वस्वी न्याय्य नाही. महार-मांग कुटुंबांनी मिशनच्या दारात जे पाहिले ते केवळ धान्य नव्हते. पाणवठ्यावर दूर लोटले जाणारे मूल तेथे शाळेच्या बाकावर बसत होते, आणि माणसाला मान हवा असतो ह्याचा विसर टीकाकारांना पडला. तथापि भुकेच्या वेळी दिलेली भाकरी आणि त्याच वेळी मागितलेला विश्वास ह्यांचे मिश्रण शुद्ध राहत नाही, हेही तितकेच खरे.

१९५४ मध्ये त्या वेळच्या मध्यप्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. १९५६ च्या अहवालात समितीने मिशनच्या शाळा, दवाखाने व अनाथालये ही धर्मांतराची साधने बनली असल्याचा ठपका ठेवला. ख्रिस्ती पुढाऱ्यांनी अहवाल एकांगी असल्याचे सांगितले. वाद आजही शमलेला नाही. कर्नाटकात २०२२ साली धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

ह्या वादात कॅथलिक ख्रिस्तसभेची स्वतःची अधिकृत भूमिका काय आहे, हे मात्र दोन्ही बाजूंना फारसे ठाऊक नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावर जे घोषणापत्र काढले त्यात धर्मप्रसार करताना जबरदस्ती वा अप्रामाणिक मनधरणी करू नये असे बजावले आहे. गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर विशेषच. चाळीस वर्षांनी, २००५ च्या नाताळच्या तारखेचे पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांचे पहिले परिपत्रक हे प्रीती ह्याच विषयावर होते. प्रीतीचे कार्य दुसरे काही साधण्याचे साधन म्हणून करावयाचे नाही, ते फुकट करावयाचे असते. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहून प्रीतीलाच बोलू द्यावे हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे, असा त्यातील विचार आहे. गुलबर्गा धर्मप्रांताचा जन्म त्याच वर्षीचा. कागदावरचा नियम आणि गावातील वर्तन ह्यांत अंतर पडू शकते, हे कोणत्याही धर्माला लागू आहे. पण नियम असला म्हणजे निदान मोजपट्टी हाती येते. ज्याला मदत हवी तो देवळात न येताही त्याला ती मिळते काय, आणि मिळाल्यानंतर तो आला नाही तरी मिळत राहते काय, हे पाहिले की पुरे.

ह्या मोजपट्टीला उतरणारे एक काम महाराष्ट्रात झाले आहे आणि बीदर-कलबुर्गीसारख्या कोरडवाहू मुलखाशी त्याचे जवळचे नाते आहे. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडमधील येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांचे आयुष्य अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, गेले. तहानलेल्यास पाणी द्यावे ही सातांतील दुसरी आज्ञा. आरंभी तिचा अर्थ विहीर असा घेतला गेला, तो सरळच होता. पण १९७२ च्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले. पाऊस डोंगरावरून धावत जात असेल आणि माती बरोबर नेत असेल, तर विहीर कितीही खोल नेली तरी तिच्यात येणार काय? तेव्हा विचार माथ्याकडे वळला. डोंगराच्या माथ्यापासून समपातळीत चर खणावयाचे, म्हणजे पडलेले पाणी तेथेच थबकते. खाली घळींत दगडांचे अनघड बांध घालावयाचे, म्हणजे प्रवाहाचा वेग मोडतो आणि गाळ अडतो. शेतांना बांधबंदिस्ती करावयाची. आणि ओढ्यात सर्वांत शेवटी बंधारा बांधावयाचा. क्रम उलटा केला, तर पहिल्याच पावसाळ्यात बंधारा गाळाने भरतो. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र असे आले.

१९९२ मध्ये जर्मन सरकारचे साहाय्य आणि नाबार्डची व्यवस्था ह्यांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या मुळाशी फादर बाखर होते. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था काढली. अटी कडक होत्या. गावाने ग्रामसभेत एकमुखाने समिती निवडावी, श्रमदान द्यावे, झाडे तोडू नयेत, डोंगरावर मोकाट चराई बंद करावी. बाप्तिस्म्याची अट कोठेच नव्हती. पाणलोटाच्या समितीत कोण कोणत्या धर्माचा हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण पाणी उतार पाहते. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी सृष्टीची जपणूक हे दयेच्या कृत्यांत गणावे असे सुचविले. नगरच्या उघड्या माळावर ते पुष्कळ आधीच गणले गेले होते. फादर बाखर २०२१ च्या सप्टेंबरात मायदेशी वारले. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

ह्या कामाला एक काटा आहे आणि तो सांगितला पाहिजे. चराई बंद झाली की पहिली झळ शेळीवाल्याला लागते. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे बहुधा शेळ्याच असतात. आणि डोंगरात मुरलेले पाणी उगवते ते ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्या विहिरीत. म्हणजे गावासाठी केलेल्या सेवेचा मोठा वाटा आपसूक जमीनदाराच्या पदरी पडतो. भूमिहीनांना मजुरी मिळते, कापून नेण्यास गवत मिळते, बायकांच्या गटांना कर्ज मिळते. तरी तराजू पुरता सम होत नाही. अंतिम न्यायाच्या चित्रातील तहानलेला माणूस कोणता, हा प्रश्न डोंगर हिरवा झाल्यावरही शिल्लकच राहतो.

दुसरे उदाहरण पुण्याचे. सिस्टर ल्यूसी कुरियन ह्या धर्मभगिनी स्त्रियांसाठी काम करीत असता १९९१ साली एक गर्भवती स्त्री त्यांच्याकडे आश्रय मागावयास आली. नवरा जीव घेईल, असे ती म्हणत होती. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय ठेवून घेता येईना, म्हणून उद्या ये असे तिला सांगण्यात आले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती आणि तिच्या पोटातील मूल दोन्ही गेली. ही हकीकत सिस्टर ल्यूसी ह्यांनी स्वतःच जाहीरपणे पुष्कळदा सांगितली आहे. निराश्रितास आसरा द्यावा ही आज्ञा त्यांना पाठ होती. पण आज्ञा आणि ती रात्र ह्यांच्यामध्ये एक परवानगीचा कागद होता. १९९७ साली पुण्याजवळ वढू बुद्रुक येथे त्यांनी घर उघडले. त्याला नाव दिले ‘माहेर’. सासरी छळ झालेल्या मराठी स्त्रीला ह्या शब्दात काय ऐकू येते हे निराळे सांगावयास नको. तेथे सर्व धर्मांच्या बाया-मुले राहतात आणि सर्वांचे सण होतात. आता महाराष्ट्राबाहेरही संस्थेची घरे आहेत. २०१६ च्या मार्चमध्ये सिस्टर ल्यूसी ह्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

सेवेचा विचार करताना घरातील अंधाराकडेही पाहावे लागते. भारतातील कॅथलिकांत दलित कुळांतून आलेल्यांची संख्या मोठी आहे. देवळात त्यांचे बाक निराळे, दफनभूमी निराळी असे प्रकार देशाच्या काही भागांत चालत आले. बाहेर भुकेल्यास अन्न आणि आत आपल्याच भावाला शेवटचा बाक! २०१६ च्या डिसेंबरात भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेत अस्पृश्यता आहे हे त्यात मान्य केले. सरकारी बाजूनेही कोंडी आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तरतुदीमुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचे लाभ मिळत नाहीत.

आता बीदर-कलबुर्गीकडे. कलबुर्गीची तूर देशभर नावाजलेली आहे, पण तिच्या शेतात राबणाऱ्यांना वर्षभर काम नसते. सुगी संपली की कुटुंबेच्या कुटुंबे हैदराबाद, पुणे, मुंबईच्या बांधकामांवर जातात, नाही तर ऊसतोडीला. म्हातारी माणसे मागे राहतात आणि मुलांची शाळा तुटते. अशा गावात अन्नछत्र उघडून भागत नाही. हुमनाबाद येथील ‘ऑर्बिट’ ही कॅथलिकांची सामाजिक संस्था स्त्रियांचे बचतगट बांधण्याचे काम करते, ते ह्याच जाणिवेतून. दहा ते वीस बायका एकत्र येतात, आठवड्याला ठरलेली लहानशी रक्कम टाकतात आणि गरजवंतीला त्यातूनच उसने देतात. व्याज गटातच राहते. सहा महिने हिशेब नीट राहिला की बँक गटाला कर्ज देते. नाबार्डने १९९२ साली ही पद्धत घालून दिली. तारण म्हणून सोने नसते, जमिनीचा उतारा नसतो. एकमेकींची ओळख हेच तारण. उलट बाजूस खासगी लघुकर्ज कंपन्यांचे वसुलीवाले दाराशी बसतात. त्यांचा जाच इतका वाढला की, २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. गावातील बाईला पाच हजार रुपये दवाखान्यासाठी कोणाकडून मिळतात, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

असा गट बांधावयास जो धर्मगुरू किंवा धर्मभगिनी किनारपट्टीहून येथे येते, तिची मायबोली बहुधा कोकणी असते, कधी मलयाळम. शाळेत कन्नड लागते, बाजारात दखनी. भालकी आणि औरादच्या खेड्यांत तर गटातील बाई आपले दुखणे मराठीतच सांगते आणि बँकेचा कागद तिच्यापुढे कन्नडात येतो. त्या कागदावर काय लिहिले आहे हे तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावयाचे आणि मगच अंगठा किंवा सही घ्यावयाची, हे काम सात कृत्यांच्या यादीत नाही. यरुशलेमेतील त्या ग्रीक विधवांना मात्र ते ताबडतोब ओळखता आले असते.